कोणत्या पापाची ही शिक्षा? एका ताईंच्या पत्राला उत्तर

प्रिय ताई,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. हे उत्तर इतरही वाचतील, म्हणून तुम्ही काय विचारलंय ते तुमच्या परवानगीने आधी थोडक्यात सांगतो. चार महिन्यांपूर्वी भाऊंना, म्हणजे तुमच्या यजमानांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्याआधीची दोन वर्षं कारखान्यातल्या पाळ्या आणि घराचं कर्ज यांच्या ओढाताणीत तुमचं उपासनेला येणं जवळजवळ सुटलं होतं, दशांशही, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग मंडळीला देणंही, थांबला होता. भाऊंना दवाखान्यातून घरी आणल्यावर प्रार्थनेला आलेल्या एका प्रचारकाने नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा १२ वा अध्याय उघडला आणि बारा-पंधरा माणसांसमोर सांगितलं की हा देवाचा फटका आहे, प्रीती आहे म्हणूनच त्याने मारलंय, पाप कबूल करा म्हणजे भाऊ उठून बसतील. तुम्ही उपवास धरले. लहानपणापासूनची आठवतील तेवढी पापं एका वहीत लिहिली आणि एकेक करून कबूल केली. भाऊ उठले नाहीत. आता तुम्ही विचारता, ते राहून गेलेलं पाप कोणतं? हे प्रेम असेल तर मार कशाला म्हणायचं? आणि "मला असल्या देवाची प्रार्थना करायची नाही" म्हणणाऱ्या दहावीतल्या मुलीला काय सांगायचं?

छत्तीस वर्षं मी पाळक म्हणून काम केलं. बरीचशी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि शेवटची अकरा रुग्णालयात, आजाऱ्यांच्या खाटेशी. त्या भरवशावर आधी उत्तर देतो, कारणं नंतर. भाऊंचा आजार अमुक पापाची शिक्षा आहे असं म्हणायचा अधिकार त्या प्रचारकाला नव्हता. मलाही नाही. तुम्हालाही नाही. ती वही बंद करा, ताई. आज रात्रीच करा.

आता तो अध्याय. तो मी तुमच्यापासून काढून घेणार नाही, कारण तो तुमच्यासाठीच आहे. फक्त तो तुम्हाला मधूनच वाचून दाखवला गेला.

हे पत्र ज्यांना लिहिलं ते कोण होते ते १० व्या अध्यायात सापडतं. ख्रिस्ताचं नाव घेतलं म्हणून त्यांची चारचौघांत विटंबना झाली होती, मालमत्ता लुटली गेली होती, त्यांच्यातले काही तुरुंगात होते आणि बाकीचे त्या कैद्यांच्या पाठीशी उभे राहिले होते. अशा माणसांना लेखक सांगतो की तुम्ही जे सोसताय त्यात देव तुम्हाला मुलांसारखं वागवतोय. त्यांचं दुःख त्यांच्या पापातून आलंच नव्हतं, ते त्यांच्या विश्वासातून आलं होतं. छळ करणारे लोक वाईट, त्यांची करणी वाईट, आणि तरीही त्या छळात देव आपल्या लेकरांना घडवायचं थांबला नव्हता. अध्यायाचं म्हणणं एवढं आहे. "तुमच्यावर संकट आलं, म्हणजे तुम्ही काहीतरी केलं असणार" हे वाक्य त्यात कुठेही नाही.

मग "फटके" कुठून आले? ज्याच्यावर परमेश्वर प्रीती करतो त्याला तो शासन करतो, ही नीतिसूत्रांच्या ३ ऱ्या अध्यायातली ओळ लेखक उद्धृत करतो, पण ती जुन्या ग्रीक भाषांतरातून घेतो. त्या भाषांतरात फटके मारण्याचा शब्द आहे. मूळ हिब्रूत त्या जागी वेगळंच वाचायला मिळतं: जसा बाप आपल्या आवडत्या मुलाला. तुमच्याकडचं पवित्र शास्त्र उघडा आणि नीतिसूत्रे ३:१२ आणि इब्री १२:६ शेजारी ठेवून पाहा, फरक डोळ्यांना दिसेल. दोन्ही वचनं देवाचीच आहेत आणि मला त्यातलं एकही पुसायचं नाही. पण ज्याने एक वाचलं त्याने दुसरंही वाचायला हवं होतं. एकात हात दिसतो आणि दुसऱ्यात तो हात कुणाचा ते कळतं.

या अध्यायात आपण जिथे "शिक्षा" वाचतो तिथे ग्रीक शब्द आहे पायदेइया. मूल या अर्थाच्या शब्दापासून तो तयार झाला. मुलाला वाढवणं, शिकवणं, चुकलं तर अडवणं, गरज पडली तर कडक होणं, सगळं त्यात येतं. प्रेषितांच्या कृत्यांत मोशेला मिसरी लोकांचं सर्व ज्ञान शिकवलं गेलं असं म्हटलंय, तिथे याच शब्दाचं क्रियापद आहे. रोमी सुभेदार पिलात म्हणतो की येशूला फटके मारून सोडून देतो, तिथेही हेच क्रियापद आहे, हे मी लपवणार नाही. शब्दाला दोन्ही टोकं आहेत. पण तीताला लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की देवाची कृपा आपल्याला शिकवते, आणि शिकवण्याचं क्रियापद पुन्हा हेच. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. तोवर मी शिकवण्यांत सांगत आलो होतो की कृपा संपली की शिस्त सुरू होते. पौलाच्या मते हातात पुस्तक घेऊन बसलेली गुरू कृपाच आहे.

आपल्या मराठीत यासाठी एक फार चांगला शब्द आहे, वळण. "मुलाला वळण लावलं" असं आपण म्हणतो तेव्हा छडी डोळ्यांसमोर येत नाही. पाटीवर बोट धरून अक्षर गिरवून घेणारी आई डोळ्यांसमोर येते. तिचा हात मुलाच्या हातावर असतो. कधी ती तो घट्ट दाबते, मूल रडतं, पण ती हात सोडून निघून जात नाही.

इब्री पत्राच्याच ५ व्या अध्यायात येशूविषयी म्हटलंय की पुत्र असूनही त्याने जे सोसलं त्यातून तो आज्ञाधारकपणा शिकला. ज्याच्या ठायी पाप नव्हतं त्याच्याविषयी हे लिहिलंय. दुःख आलं की मागे पाप असलंच पाहिजे हा हिशेब खरा मानला, तर वधस्तंभाकडे बघून आपण काय म्हणणार? तो हिशेब तिथेच मोडतो, आणि एकदा तिथे मोडला की तुमच्या घरात त्याला जागा उरत नाही.

प्रचारकाने अध्याय ११ व्या वचनाच्या आसपास मिटला असावा. १२ आणि १३ वाचली असती तर त्याला भाऊंच्या खाटेकडे बघून वेगळं काही सुचलं असतं. गळलेले हात आणि लटपटणारे गुडघे सरळ करा, असं ते वचन सांगतं. पावलांसाठी वाटा सरळ करा, म्हणजे जे लंगडं आहे ते आणखी निखळणार नाही, बरं होईल. ताई, उजवा हात लोळागोळा झालेला माणूस समोर असताना हे वचन वाचायचं राहून गेलं! हा आदेश सगळ्या मंडळीला आहे, एकट्या आजाऱ्याला नाही. तुमच्या घरापुरता त्याचा अर्थ असा की रोज सकाळी फिजिओथेरपिस्ट भाऊंचा हात वर उचलतो, ते या अध्यायातलं काम तो करतोय. तुम्ही मोरीपाशी धरायला दांडी बसवून घेतलीत, वाटेतलं जाजम उचललंत, पावलांसाठी वाट सरळ केलीत. देवाची शिस्त भाऊंना खाली पाडायला आली होती की नाही याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण या अध्यायाप्रमाणे ती त्यांना उभं करायच्या बाजूने आहे, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आता दुसरा प्रश्न, प्रेमाचा. जुन्या करारात एक हिब्रू शब्द आहे, हेसेद. तो सुमारे २५० वेळा येतो आणि त्यातले जवळजवळ निम्मे एकट्या स्तोत्रांत आहेत. मराठीत तो कधी दया होतो, कधी वात्सल्य, कधी कृपा. एकाही शब्दात तो पुरता मावत नाही. दया आपण रस्त्यावरच्या अनोळखी माणसावरही करतो आणि पुढे जातो. हेसेद पुढे जात नाही. करार केला, शब्द दिला, आता समोरचा कसाही वागला तरी मी माझ्या शब्दाला धरून राहणार, अशी ती माया. २३ व्या स्तोत्राच्या शेवटी भलाई आणि दया माझ्या मागे येतील असं आपण म्हणतो. तिथलं मूळ क्रियापद पाठलाग करण्याचं आहे. शत्रू पाठलाग करतो तसा हेसेद माणसाचा पाठलाग करतो.

शिस्त आणि हेसेद एकाच वाक्यात कुठे येतात ते मी एकदा मुद्दाम शोधून काढलं. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात देव दाविदाच्या वंशजाविषयी बोलतो: मी त्याचा बाप होईन, तो चुकला तर माणसांच्या काठीने त्याला शासन करीन, पण माझं हेसेद त्याच्यापासून काढून घेणार नाही. ८९ वं स्तोत्र हेच पुन्हा सांगतं, काठी आणि लगेच पुढे "पण". सगळा भार त्या "पण" वर आहे. काठीला मर्यादा आहे, हेसेदला नाही. इस्राएल लोकांनी पूजेला सोन्याचं वासरू केल्यानंतर देव मोशेपुढे आपलं नाव सांगतो तिथेही तेच आहे. अन्यायाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, हेसेद हजारोंवर. आणि विलापगीतात यरुशलेमेच्या राखेत बसलेला माणूस म्हणतो की देव मनापासून कुणाला दुःख देत नाही. ज्याच्या शहरात काही शिल्लक राहिलं नव्हतं त्याचे हे उद्गार आहेत, म्हणून मी त्यांवर विश्वास ठेवतो.

तुम्ही पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंय, "पण दाविदाचं बाळ गेलंच ना?" हो, गेलं. तो अध्याय मला आजही जड जातो आणि तो सोपा करून सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पण त्यात काय घडतं ते नीट बघा. दावीद राजाने दुसऱ्याची बायको पळवली आणि तिच्या नवऱ्याला मारवलं. ते बाळ तिच्या पोटचं. देवाने नाथान संदेष्ट्याला पाठवलं आणि नाथान तोंडावर म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. कोणतं पाप, कुणाविरुद्ध, कधी, सगळं सांगितलं. दाविदाला वही काढून शोधत बसावं लागलं नाही. त्याने कबूल करताच, परमेश्वराने तुझं पाप दूर केलंय, तू मरणार नाहीस, हेही त्याच संदेष्ट्याने सांगितलं. पुढे तिच्याच पोटी शलमोन जन्मला तेव्हा त्याच नाथानाच्या हाती देवाने बाळासाठी नाव पाठवलं, यदीद्या, परमेश्वराचा लाडका. बाळ का गेलं हे मी उलगडू शकत नाही. पण ज्यांच्याकडे नाथानासारखा निरोप नाही त्यांनी नाथान होऊ नये, एवढं त्या अध्यायातून मला स्पष्ट दिसतं.

देव पापाबद्दल बोलतो तेव्हा नाव घेऊन बोलतो, हे मी माझ्या आयुष्यात शिकलो. वडील गेल्यावर शेताच्या बांधावरून माझं आणि थोरल्या भावाचं फाटलं. प्रकरण कोर्टात गेलं. त्या वर्षी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या मेजापाशी उभा राहिलो की मत्तयाचा ५ वा अध्याय आठवायचा. वेदीजवळ दान आणशील आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवेल, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. भाकर मोडताना माझे हात थरथरायचे. झोप गेली. शिकवण तयार करायला बसलो की पानावर बांधच दिसायचा. सात महिने मी उत्तरं देत राहिलो की चूक त्याची आहे, आणि चूक बरीचशी त्याचीच होती. शेवटी एका सोमवारी एसटीने गावी गेलो. वहिनींनी दार उघडलं. भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, "जेवलास का?" बांध आजही त्याच्या बाजूलाच आहे. पण त्या महिन्याचं प्रभुभोजन मी कधी विसरणार नाही.

त्याला मी देवाची शिस्त म्हणतो. काय करायचंय ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वाट उघडी होती, पाय माझेच अडले होते. आणि ती टोचणी मला माणसांकडे ढकलत होती. तुम्हाला जे होतंय ते याच्या अगदी उलट आहे. पाप कोणतं ते कळत नाही, कबूल केलं तरी सुटका नाही, आणि दर आठवड्याला तुम्ही लोकांपासून थोड्या आणखी दूर जाताय. पवित्र शास्त्रात रात्रंदिवस दोष लावत राहणाऱ्याचं नाव वेगळं आहे आणि तो आपला बाप नाही. तरीही मनात खटका राहिला असेल तर १३९ व्या स्तोत्राच्या शेवटची प्रार्थना करा, हे देवा, माझं मन तपास. एकदा करा. तपासायचं काम त्याच्याकडे सोपवलंय, तर त्याला सांगू द्या. त्याने काही दाखवलं तर ते करा. नाही दाखवलं तर झोपा.

"पीडा झाली हे माझ्या बऱ्याकरताच झालं", असं ११९ व्या स्तोत्रात आहे ना, असं कुणी तुम्हाला म्हणेल. आहे. पण ते "माझ्या" बऱ्याकरता आहे. ज्याने सोसलं त्याने स्वतःविषयी, सगळं मागे पडल्यावर काढलेले हे शब्द आहेत. दुसऱ्याच्या खाटेशी उभं राहून "हे तुझ्या बऱ्याकरता झालं" म्हणायला त्या स्तोत्राने कुणाला मुभा दिलेली नाही. ईयोबाचा मित्र अलीफज नेमकं हेच करतो. ज्याला देव शासन करतो तो धन्य, असं तो ५ व्या अध्यायात ईयोबाला ऐकवतो. वाक्य खरंच आहे, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्याच अलीफजाला म्हणतो की माझा कोप तुझ्यावर भडकलाय, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. खरं वाक्य चुकीच्या जागी ठेवलं म्हणून देवाला राग आला. त्या मित्रांनी एकच गोष्ट बरोबर केली होती. आल्यावर सात दिवस आणि सात रात्री ते ईयोबाबरोबर जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत.

मी हे त्या प्रचारकाला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. मीही अलीफज होतो. पाळकपणाच्या दुसऱ्या वर्षी एका वस्तीवर तरणाबांड माणूस विहिरीचं काम करताना दरड कोसळून गेला. तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी मी इब्री १२ वाचलं आणि वीस मिनिटं बोललो. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. पुढची सहा वर्षं ती मंडळीत आली नाही. आली तेव्हा मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "साहेब, तुमचं बोललेलं काही आठवत नाही. तुमचा आवाज मोठा होता एवढं आठवतं." तेव्हापासून दुःखाच्या घरी मी बसतो, पाणी मागतो आणि कुणी विचारलं तरच बोलतो.

आपल्या लोकांत हा विचार इतका खोल का रुजलाय, त्याचं एक कारण आपल्या बोलण्यात आहे. "आपले भोग", "कुठलं तरी पाप आड आलं" असं आपल्या आज्या बोलायच्या आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीचे ख्रिस्ती असूनही आपण ते बोलतो. त्यालाच इब्री पत्राचा अंगरखा घालून आपण मंडळीत आणलंय. येशूच्या शिष्यांनीही जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारलं होतं, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही पर्याय बाजूला सारले आणि त्याच्या डोळ्यांना हात लावला. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हाही तो म्हणाला की ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हती. हल्ली काही ठिकाणी "पिढीचा शाप" शिकवतात. तुमच्या मुलीच्या कानावर ते येईल, म्हणून तिला यहेज्केल १८ दाखवून ठेवा. बापाच्या पापाचा भार मुलाने वाहायचा नाही, असं देवाने त्या काळी चालत आलेली म्हणच मोडून काढत सांगितलंय.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य डोळ्यांसमोर आणा. दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत १८८२ मध्ये पती गेले. केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, ते पुढे ज्या मुलीच्या हाती सोपवायचं होतं ती एकुलती एक मनोरमा १९२१ मध्ये, वयाच्या चाळिशीत गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्या हिब्रू आणि ग्रीकमधून सोप्या मराठीत पवित्र शास्त्र उतरवत होत्या. हेसेदसाठी मराठी शब्द शोधताना त्या बाईंच्या मनात काय येत असेल, असं मला नेहमी वाटतं. त्यांच्यावर आलेलं दुःख शिक्षा होती असं म्हणायला आपल्यापैकी एकाचीही जीभ वळणार नाही. मग तुमच्याबाबतीत का वळावी?

दशांशाविषयी थोडक्यात. देव थकलेल्या हप्त्यासाठी माणसाचा हात-पाय उचलून नेत नाही. पौल करिंथकरांना सांगतो की दान आनंदाने द्यावं, जुलमाने देऊ नये. घर पुन्हा सावरेल तेव्हा द्याल. सध्या पैसा उलट्या दिशेने यायला हवा. एकमेकांची ओझी वाहा हे वचन मंडळीच्या पंच कमिटीसाठीही आहे. तुम्ही परवानगी दिलीत तर तुमच्या पाळकांशी मी स्वतः बोलतो.

तुम्हीच लिहिलंय की भाऊंनी दीड वर्षापासून बीपीच्या गोळ्या बंद केल्या होत्या. वाढलेला रक्तदाब हे अर्धांगवायूचं मोठं कारण आहे, डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं असेलच. गोळ्या सोडल्याचा परिणाम शरीराला भोगावा लागला. त्याला देवाचा क्रोध म्हणायचं कारण नाही. गच्चीच्या कडेवरून पाय घसरला तर माणूस पडतो, त्यासाठी देवाला रागवावं लागत नाही. यातून घ्यायचं ते एवढंच की गोळ्या आता चुकू द्यायच्या नाहीत. आणि "मीच लक्ष द्यायला हवं होतं" असं जे तुम्ही पुढच्याच ओळीत लिहिलंय, ते खोडा. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या नवऱ्याचा डबा, मुलीची शाळा आणि कर्जाचा हप्ता तुम्ही सांभाळत होता.

मुलीला काय सांगायचं? सध्या काही सांगू नका. ती देवावर रागावलीय, म्हणजे तिने त्याच्याशी बोलणं अजून सोडलेलं नाही. रूथच्या पुस्तकात नामी दोन मुलं आणि नवरा पुरून गावी परतते आणि बायकांना म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, सर्वसमर्थाने माझं आयुष्य कडू केलंय. मारा म्हणजे कडू. एवढं बोलूनही देवाकडून तिला एकही उलट शब्द येत नाही. तिच्या दारात येतो तो सुनेने वेचून आणलेला जव, जवळजवळ एक एफाभर, म्हणजे त्या काळच्या धान्याच्या मोठ्या मापाने मापभर. आणि तो बघून तिच्याच तोंडून शब्द निघतो, हेसेद. दुसऱ्या अध्यायाच्या विसाव्या वचनात. तुमच्या मुलीच्या दारातही आधी जव यायला हवा. कुणीतरी तिला गणित शिकवायला येऊ द्या, संध्याकाळी तासभर भाऊंपाशी बसून तुम्हाला आणि तिला मोकळं करू द्या. पुस्तक चार अध्यायांचं आहे, ती पहिल्यातच असेल तर तिला तिथे राहू द्या.

घरात कुणी इब्री १२ हातात घेऊन मुलांना किंवा बायकोला मारत असेल, तर हे उत्तर त्यानेही वाचावं म्हणून मध्येच एक सांगतो. त्याच अध्यायात लिहिलंय की जगातले बाप त्यांना बरं वाटलं तशी शिक्षा करत. त्यांच्या हाताची मर्यादा लेखकाने तिथेच सांगून टाकलीय.

शेवटी भाऊंविषयी. त्यांना बोललेलं समजतं पण शब्द ओठांवर येत नाहीत, असं तुम्ही लिहिता. रुग्णालयात मी असे बरेच जण पाहिले. बोलता न येणारी काही माणसं पाठ असलेलं गाणं म्हणू शकतात, पाठ असलेली ओळ एकदम बोलून जातात. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना हे विचारा, त्या नीट शिकवतील. तोवर १३६ वं स्तोत्र घ्या. त्यात २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाचा दुसरा अर्धा भाग एकच आहे, कारण त्याची दया सनातन आहे. तिथेही मूळ शब्द हेसेदच आहे. एकाने पहिला भाग म्हणायचा आणि सगळ्यांनी दुसरा, असं ते म्हणता येतं. लहानपणी संडे स्कूलमध्ये भाऊंनी ते म्हटलं असणार.

रात्री जेवणं झाली की त्यांच्या डाव्या बाजूला बसा. पहिला भाग तुम्ही वाचा आणि थांबा. घाई करू नका, मनात दहापर्यंत मोजा. काहीच आलं नाही तर दुसरा भागही तुम्हीच म्हणा आणि पुढे जा. पहिल्या आठवड्यात नुसतं "दया" आलं किंवा नुसते ओठ हलले तरी चालेल. २३ व्या वचनाशी, आमच्या दैन्यावस्थेत त्याने आमची आठवण केली, तिथे तुम्हाला रडू येईल. येऊ द्या, पण वाचणं थांबवू नका, कारण पुढचा अर्धा भाग त्यांचा आहे. मुलीला बोलावू नका. दार मात्र उघडं ठेवा.

महिन्याभराने कसं चाललंय ते कळवा. उन्हाळ्यात तिकडे येणं झालं तर भेटायला येईन.

तुमचा भाऊ
एक निवृत्त पाळक